मॅच झाली मिशिगनमध्ये, पण मिशिगनच्याच केबलवर दिसली नाही : एका कॉलेज स्पोर्ट्स चॅनेलच्या भांडणाची गोष्ट

तारीख १ सप्टेंबर २००७. ठिकाण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये १ लाख ९ हजारांवर लोक बसलेले. यजमान मिशिगनची टीम देशात पाचव्या नंबरची. समोर ॲपलाचियन स्टेट, नॉर्थ कॅरोलिनातल्या बून नावाच्या डोंगराळ गावातल्या युनिव्हर्सिटीची टीम. ती खालच्या डिव्हिजनची. अशा मॅच मोठ्या टीम सीझनच्या सुरुवातीला सराव म्हणून ठेवतात. निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो.

पण त्या दिवशी उलटंच झालं. ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला ३४-३२ असं हरवलं. शेवटच्या काही सेकंदांत मिशिगनने मारलेली किक हवेतच अडवली गेली आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धक्का मानला जाणारा निकाल लागला. खालच्या डिव्हिजनच्या टीमने क्रमवारीतल्या मोठ्या टीमला हरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

खरी गंमत मात्र पुढे आहे. ही मॅच मिशिगनमधल्या लाखो घरांत दिसलीच नाही. ॲन आर्बर आणि डेट्रॉईटच्या पट्ट्यात कॉमकास्ट ही मोठी केबल कंपनी. मॅच होती बिग टेन नेटवर्क नावाच्या नव्याकोऱ्या चॅनेलवर, जे सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. आणि कॉमकास्टने ते चॅनेल घेतलेलंच नव्हतं.

हे चॅनेल काय होतं, केबलवाल्यांनी ते का अडवलं आणि त्या भांडणाने अमेरिकेतलं कॉलेज स्पोर्ट्स कसं बदललं, तेच आता बघूया.

बिग टेन म्हणजे काय?

अमेरिकेत कॉलेजचे खेळ आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखे नसतात. तिथे कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉल हा प्रचंड मोठा धंदा आहे. स्टेडियम लाखाची, कोचचे पगार कोट्यवधींचे आणि टीव्हीचे करार त्याहून मोठे. युनिव्हर्सिटी आपापसात गट करून खेळतात. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात.

बिग टेन ही त्यातली सगळ्यात जुन्या कॉन्फरन्सपैकी एक. १८९६ मध्ये शिकागोत तिची स्थापना झाली. मिशिगन, ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन, इलिनॉय, पर्ड्यू, इंडियाना, आयोवा, मिनेसोटा अशी तगडी नावं तिच्यात आहेत. महाराष्ट्रातून इंजिनीअरिंगच्या मास्टर्सला अमेरिकेत जाणाऱ्या पोरांच्या तोंडी पर्ड्यू आणि इलिनॉय ही नावं कायम असतात, त्याच या युनिव्हर्सिटी.

नाव टेन असलं तरी १९९० मध्ये पेन स्टेट आल्यापासून त्यात ११ युनिव्हर्सिटी होत्या. नाव बदलायचं नव्हतं म्हणून लोगोच्या मोकळ्या जागेत ११ चा आकडा लपवला होता. २००७ मध्ये या ११ युनिव्हर्सिटी एकूण ८ राज्यांत पसरल्या होत्या. ही ८ राज्यं लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यांच्यावरूनच आहे.

स्वतःचं चॅनेल काढायची गरज का पडली?

तोपर्यंत कॉन्फरन्स आपल्या मॅचचे हक्क एबीसी आणि ईएसपीएनसारख्या मोठ्या चॅनेलना विकायच्या. पण मोठ्या चॅनेलना हव्या असायच्या फक्त मोठ्या मॅच. उरलेल्या फुटबॉल मॅच, बास्केटबॉलचे ढीगभर सामने, कुस्ती, व्हॉलीबॉल, हॉकी, मुलींचे खेळ यातलं बरंचसं टीव्हीवर यायचंच नाही, नाहीतर एखाद्या स्थानिक चॅनेलवर कोपऱ्यात दिसायचं.

बिग टेनचे प्रमुख होते जिम डेलनी. २००४ मध्ये नव्या कराराची बोलणी सुरू असताना ईएसपीएनने दिलेली ऑफर त्यांना फारच कमी वाटली. घ्यायचं तर घ्या, नाहीतर जा, असा समोरच्याचा सूर होता. डेलनी उठले आणि त्यांनी स्वतःच्या चॅनेलचा विचार पक्का केला.

२१ जून २००६ ला घोषणा झाली. डेलनींनी ईएसपीएनला सोडलं नाहीच. मोठ्या मॅचचा १० वर्षांचा नवा करार एबीसी-ईएसपीएनसोबत केला आणि उरलेल्या मालासाठी फॉक्ससोबत भागीदारीत बिग टेन नेटवर्क जाहीर केलं. हिस्सेदारी ५१ टक्के कॉन्फरन्सची आणि ४९ टक्के फॉक्सची. करार २० वर्षांचा.

फॉक्सला सोबत घेण्यामागे डोकं होतं. चॅनेल बनवणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. कॅमेरे, स्टुडिओ, समालोचक पैसे टाकले की मिळतात. अवघड भाग म्हणजे ते चॅनेल लोकांच्या घरात पोहोचवणं. आणि केबलवाल्यांशी भांडायचा अनुभव फॉक्सकडे होता.

चॅनेल घरात पोहोचतं कसं?

अमेरिकेत २००७ साली टीव्ही बघायचे मुख्य मार्ग दोन. एक केबल, म्हणजे कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल, चार्टर, मीडियाकॉम अशा कंपन्या. यांचं जाळं शहरानुसार वाटलेलं. एका गावात शक्यतो एकच मोठी केबल कंपनी. दुसरा मार्ग सॅटेलाईट, म्हणजे छतावरची डिश. त्यात डायरेकटीव्ही आणि डिश नेटवर्क या दोन मोठ्या कंपन्या, दोन्हींची सेवा देशभर.

चॅनेल आणि या कंपन्या यांच्यात जो करार होतो तो कॅरेज करार. त्यात तीन गोष्टी ठरतात. चॅनेल दाखवायचं की नाही, कोणत्या पॅकमध्ये दाखवायचं आणि दर घरामागे महिन्याला चॅनेलला किती पैसे द्यायचे.

आपल्याकडे कॅरेज फी हा शब्द उलट अर्थाने वापरतात. भारतात अनेक चॅनेल आपल्याला दाखवावं म्हणून केबल कंपनीला पैसे देतात. अमेरिकेत खेळाच्या चॅनेलचं गणित याच्या बरोबर विरुद्ध. तिथे केबल कंपनी चॅनेलला पैसे देते, आणि तेही बघणाऱ्या घरामागे नाही, तर ज्या घरात चॅनेल दिसू शकतं अशा प्रत्येक घरामागे. तुम्ही ते चॅनेल वर्षातून एकदाही लावलं नाही तरी तुमच्या बिलातून त्याचे पैसे जातात. त्या काळात ईएसपीएन एका घरामागे महिन्याला ३ डॉलरपेक्षा जास्त घेत होतं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो तो पॅकचा. बेसिक पॅक बहुतेक सगळ्या घरांत असतो. स्पोर्ट्स पॅक वेगळे पैसे भरून खेळाचे शौकीन लोकच घेतात.

भांडण कशावरून पेटलं?

बिग टेन नेटवर्कची मागणी अशी होती. आमच्या ८ राज्यांत आम्हाला बेसिक पॅकमध्ये टाका आणि दर घरामागे महिन्याला १ डॉलर १० सेंट द्या. बाकीच्या राज्यांत दर घरामागे १० सेंट पुरेत.

कॉमकास्टचं म्हणणं होतं, तुम्हाला स्पोर्ट्स पॅकमध्ये टाकतो. ज्याला बघायचंय तो पैसे भरेल.

ऐकायला दोन्ही बाजू रास्त वाटतात. पण आकडे मांडले की भांडण का चिघळलं ते कळतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका भागात केबलची १० लाख घरं आहेत. चॅनेल बेसिकमध्ये असेल तर १ डॉलर १० सेंटच्या हिशेबाने महिन्याला ११ लाख डॉलर येतात. तेच चॅनेल स्पोर्ट्स पॅकमध्ये गेलं आणि समजा १०० पैकी ५ घरांनी तो पॅक घेतला, तर घरं उरतात ५० हजार आणि पैसे येतात ५५ हजार डॉलर. तेवढेच ११ लाख काढायचे तर त्या ५० हजार घरांकडून प्रत्येकी २२ डॉलर घ्यावे लागतील. एका चॅनेलसाठी महिन्याला २२ डॉलर कोण देणार?

म्हणजे स्पोर्ट्स पॅकमध्ये जाणं चॅनेलसाठी मरणच होतं. आणि बेसिकमध्ये घेणं म्हणजे ज्यांना खेळात काडीचा रस नाही अशा लाखो घरांचं बिल वाढवणं.

कॉमकास्टने हाच मुद्दा लावून धरला. तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे म्हटलं की इंडियानाच्या बास्केटबॉल चाहत्याला आयोवाचं व्हॉलीबॉल बघण्यात रस नाही, मग त्याच्याकडून पैसे का घ्यायचे? डेलनींना हे चांगलंच झोंबलं. हा मुलींच्या खेळाचा अपमान आहे म्हणून त्यांनी माफीची मागणी केली.

चॅनेलवाल्यांचा प्रतिप्रश्नही बिनतोड होता. व्हर्सस आणि गोल्फ चॅनेल ही कॉमकास्टच्या स्वतःच्या मालकीची खेळाची चॅनेल. ती तुम्ही लाखो घरांच्या मोठ्या पॅकमध्ये दाखवता, मग आमच्या वेळीच स्पोर्ट्स पॅकची आठवण कशी होते? गोल्फपेक्षा मिशिगनच्या माणसाला मिशिगनची मॅच जास्त जवळची नाही का?

डिशवाल्यांनी लगेच हो का म्हटलं?

३० ऑगस्ट २००७ ला चॅनेल सुरू झालं तेव्हा मोठ्या कंपन्यांपैकी डायरेकटीव्ही पहिल्या दिवसापासून सोबत होती. डिश नेटवर्कही मागोमाग आलं. एटी अँड टीची नवी टीव्ही सेवा आणि अनेक छोट्या केबल कंपन्यांनीही चॅनेल घेतलं. बाहेर राहिल्या त्या कॉमकास्ट, टाइम वॉर्नर, चार्टर आणि मीडियाकॉम.

सॅटेलाईटवाल्यांच्या होकाराला कारणं होती. त्यातलं एक अगदी घरचं. त्या वेळी डायरेकटीव्हीवर रुपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पचं नियंत्रण होतं आणि फॉक्सही त्यांचंच. हा हिस्सा २००८ च्या फेब्रुवारीत लिबर्टी मीडियाकडे गेला.

दुसरं कारण धंद्याचं. बिग टेनच्या युनिव्हर्सिटीतून शिकलेले लाखो लोक न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेत. सॅटेलाईटची सेवा देशभर असल्याने हे सगळे त्यांचे संभाव्य ग्राहक. शिवाय जे केबलवर नाही ते आमच्याकडे आहे, हीच तर डिश विकायची मुख्य जाहिरात. केबलने नाही म्हणणं सॅटेलाईटच्या पथ्यावरच पडत होतं.

केबलला घाई नव्हती. जिच्याकडे आधीच शहरातली बहुतांश घरं आहेत ती कंपनी सहसा वाट बघते. किती लोक खरंच केबल तोडून डिश लावतात ते आधी पाहू, असा तिचा हिशेब असतो.

पहिल्या वर्षात भरडलं कोण?

अर्थातच बघणारा माणूस.

ॲपलाचियन स्टेटची मॅच ही फक्त सुरुवात होती. ज्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी मॅडिसन शहर जीव टाकतं, तिथल्या चार्टरच्या ग्राहकांनाही चॅनेल मिळालं नाही. पुढे बास्केटबॉलचा सीझन आला तेव्हा प्रश्न आणखी वाढला, कारण या चॅनेलवर बास्केटबॉलच्या मॅच फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त होत्या.

लोकांपुढे मार्ग तीन. छतावर डिश लावायची, डिश असलेल्या स्पोर्ट्स बारमध्ये जाऊन बसायचं किंवा रेडिओ लावायचा. डिश लावणंही सगळ्यांना जमत नाही. भाड्याच्या घरात मालक परवानगी देत नाही, अपार्टमेंटची बाल्कनी चुकीच्या दिशेला असते, आणि केबलसोबत घेतलेलं इंटरनेट आणि फोन सोडायचा म्हणजे वेगळाच ताप. म्हातारी माणसं, जी ४०-५० वर्षं एकाच टीमची मॅच बघत आली, त्यांनी बारमध्ये जाऊन बसावं अशी अपेक्षा कशी करणार?

दोन्ही बाजूंनी जाहिराती करून एकमेकांवर खापर फोडलं. चॅनेल म्हणायचं, केबलवाल्याला फोन करा. केबलवाला म्हणायचा, आम्ही तुमचं बिल वाढू देत नाही. आणि यातल्या बहुतेक युनिव्हर्सिटी सरकारी. म्हणजे ज्या राज्याच्या लोकांच्या करातून युनिव्हर्सिटी चालते, त्याच लोकांना तिची मॅच बघण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत होते. लोकांचा राग यावर होता.

तोडगा कसा निघाला?

अख्खा सीझन गेला. शेवटी १९ जून २००८ ला कॉमकास्टसोबत करार झाला आणि १५ ऑगस्टपासून, म्हणजे पुढच्या फुटबॉल सीझनच्या तोंडावर, चॅनेल सुरू करायचं ठरलं.

करार दोघांनाही थोडं वाकवणारा होता. बिग टेनच्या राज्यांतल्या बहुतांश ग्राहकांना चॅनेल बेसिक पॅकमध्येच मिळालं, ही डेलनींची जीत. पण २००९ पासून बऱ्याच भागांत ते मोठ्या डिजिटल पॅकमध्ये हलवायची मुभा कॉमकास्टला मिळाली. स्पोर्ट्स पॅकचा हट्ट सुटला. रक्कम अधिकृतपणे जाहीर झाली नाही, पण तेव्हाच्या बातम्यांत ७० सेंटच्या आसपासचा आकडा आला होता, म्हणजे मागितल्यापेक्षा बराच कमी.

देशातली सगळ्यात मोठी केबल कंपनी तयार झाल्यावर बाकीच्यांना ताणून धरणं जड गेलं. टाइम वॉर्नर आणि इतर कंपन्याही एकामागून एक आल्या.

या गणिताने नकाशाच बदलला

एकदा फॉर्म्युला चालला आणि कॉन्फरन्सच्या लक्षात आलं की जितकी राज्यं आपल्या हद्दीत, तितकी घरं जास्त दराच्या यादीत. मॅच किती लोक बघतात यापेक्षा त्या भागात केबलची घरं किती, हा आकडा मोठा झाला.

म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि रटगर्स या पूर्व किनाऱ्यावरच्या युनिव्हर्सिटींना घ्यायचं जाहीर केलं आणि २०१४ मध्ये त्या आल्या. रटगर्सचा फुटबॉलमध्ये फार दबदबा होता अशातला भाग नाही. पण ती न्यू जर्सीत आहे, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या उंबरठ्यावर. मेरीलँड वॉशिंग्टनला लागून. दोन्ही भाग केबल ग्राहकांनी खच्चून भरलेले.

दुसऱ्यांचीही चॅनेल आली, पण सगळ्यांचं जमलं नाही.

लाँगहॉर्न नेटवर्क : २०११ मध्ये ईएसपीएनने एकट्या टेक्सास युनिव्हर्सिटीसाठी चॅनेल काढलं. २० वर्षांचे ३० कोटी डॉलर. पण एकाच टीमचं चॅनेल घ्यायला मोठे केबल आणि सॅटेलाईटवाले लवकर तयार झाले नाहीत. एकाच युनिव्हर्सिटीला वेगळं चॅनेल मिळाल्याने कॉन्फरन्समधले बाकीचे नाराज झाले आणि टेक्सास ए अँड एम २०१२ मध्ये बाहेर पडली. टेक्सास स्वतःच दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर २०२४ मध्ये चॅनेल बंद झालं.

पॅक-१२ नेटवर्क : पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सने १५ ऑगस्ट २०१२ ला एक राष्ट्रीय आणि ६ प्रादेशिक अशी ७ चॅनेल सुरू केली. मालकी १०० टक्के स्वतःची, भागीदार कोणीच नाही. नफा पूर्ण आपला, हा विचार. पण भागीदार नाही म्हणजे भांडताना मागे कोणी मोठा उभा नाही. डायरेकटीव्हीशी बोलणी फिसकटली आणि तिने हे चॅनेल शेवटपर्यंत घेतलं नाही. पैशात पॅक-१२ मागे पडत गेली. २०२२ पासून एकेक युनिव्हर्सिटी सोडून जाऊ लागली, १२ पैकी २ उरल्या आणि ३० जून २०२४ ला नेटवर्क बंद पडलं. सोडून गेलेल्यांपैकी ४ युनिव्हर्सिटी बिग टेनमध्येच आल्या.

एसईसी नेटवर्क : १४ ऑगस्ट २०१४ ला दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सचं चॅनेल आलं ते ईएसपीएनचा हात धरून. ईएसपीएन हवं असेल तर याचंही बोला, असा दबाव असल्याने सुरुवातीलाच जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांनी ते घेतलं.

एसीसी नेटवर्क : २०१९ मध्ये आलं, तेही ईएसपीएनचंच. तरीही कॉमकास्टच्या ग्राहकांना ते मिळायला डिसेंबर २०२१ उजाडलं.

चारही उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. चॅनेल चांगलं की वाईट याने कॅरेज ठरत नाही. समोरच्याला नाही म्हणणं किती महाग पडेल, यावर ठरतं.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. तेव्हा १०० चॅनेलसाठी १३० रुपये अधिक टॅक्स असं मूळ शुल्क आणि पुढे प्रत्येक पे चॅनेलची किंमत स्वतंत्र जाहीर करायची, असं ठरलं. ग्राहकाला सुटं चॅनेल निवडायचा हक्क मिळाला. प्रत्यक्षात आपणही पॅकच घेतो तो भाग वेगळा, पण कोणत्या चॅनेलचे किती रुपये जातात हे निदान कळतं. अमेरिकेतल्या माणसाला एका कॉलेज चॅनेलसाठी आपण किती भरतोय, हे बिलावर दिसतच नाही.

सध्या काय सुरू आहे?

२०१० च्या आसपास अमेरिकेत १० कोटींहून जास्त घरांत केबल किंवा डिश होती. त्यानंतर लोकांनी कनेक्शन तोडायला सुरुवात केली. न बघणाऱ्याच्या खिशातून पैसे काढायचं जे गणित होतं, त्याची घरंच कमी होत चाललीत.

भांडणं मात्र थांबली नाहीत. २०२३ च्या सीझनच्या सुरुवातीलाच डिस्ने आणि चार्टर यांच्या वादात १ कोटी ४० लाखांहून जास्त घरांत ईएसपीएन, एसईसी आणि एसीसी नेटवर्क बंद झालं. १ सप्टेंबर २०२४ ला डायरेकटीव्हीवर एलएसयू विरुद्ध यूएससी ही मॅच सुरू असतानाच ईएसपीएन गायब झालं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस हीच वेळ यूट्यूब टीव्हीच्या ग्राहकांवर आली आणि ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राहिली. तिन्ही वेळा फुटबॉलचा सीझन सुरू होता, कारण ग्राहक सगळ्यात जास्त तेव्हाच ओरडतो.

दुसरीकडे बिग टेनमध्ये आता १८ युनिव्हर्सिटी आहेत आणि २०२२ मध्ये तिने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीसोबत ७ वर्षांचा करार केला, जो ७०० कोटी डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या होत्या. बिग टेन नेटवर्कमध्ये आता मोठा हिस्सा फॉक्सचा आहे.

आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललं त्या खेळाडूंचं काय? २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटच्या ज्या पोराने शेवटची किक अडवली, त्याला किंवा मिशिगनच्या कोणाला या टीव्हीच्या पैशातून थेट वाटा नव्हता. स्कॉलरशिप हाच मोबदला. युनिव्हर्सिटींनी खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली ती जून २०२५ मध्ये, कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर. पहिल्या वर्षासाठी एका युनिव्हर्सिटीला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठेवली आहे. ही रक्कम कोणत्या खेळाच्या खेळाडूंना किती द्यायची, हे मात्र प्रत्येक युनिव्हर्सिटी स्वतः ठरवते.